आबांचं बेटावरचं घर

आबा पाटलांचं घर आठवड्यातून एकदा तरी फुटतं.

मी बदली होऊन तळोद्याच्या ऑफिसात आलो, त्याच आठवड्यात मला हे कळलं. सकाळी आबा आले, हेल्मेट टेबलावर ठेवलं, खुर्चीत धपकन बसले आणि म्हणाले, "कालदिन परत मन्हं घर फोडं भो. सगळा मका लई गयात. भोपळासुद्धा सोडा नही."

मी नवा. मी ताडकन उठलो. "आबा, पोलिसमा गयात का तुम्ही?"

"तठे कोठला पोलीस?"

"घरमा कोनी व्हतं का? वहिनी ठीक शेत ना?"

"वहिनीले काय व्हनार शे! मी मरी गऊ ना. पाठमा कुऱ्हाड मारी."

बाकीचं ऑफिस शांतपणे आवक-जावक करत होतं. शिपायानं माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, ते गेममधलं सांगतात."

भास्कर आबा पाटील निवृत्तीला टेकलेले. मूळ गाव ब्राह्मणपुरी, राहायला शहाद्यात. शर्टाच्या खिशात दोन पेन आणि एक पेनड्राइव्ह. या वयात आमच्याकडची माणसं भजनाला लागतात, राजकारणाला लागतात, नाहीतर पोराच्या लग्नाला लागतात. आबा एका बेटावर राहतात. कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन गेममधलं बेट. तिथं माणूस उतरतो तेव्हा त्याच्या हातात एक दगड असतो, बाकी काही नाही. त्या दगडानं झाड तोडायचं, झोपडं उभारायचं, पेरायचं, शिजवायचं, जिवंत राहायचं. जगभरातले लोक त्याच बेटावर असतात आणि त्यातल्या बहुतेकांना कष्ट करण्यापेक्षा दुसऱ्याचं लुटण्यात रस असतो.

"म्हणजे तहसिलीसारखंच," आमचे हेडक्लार्क म्हणतात.

हा गेम आबा लिनक्सवर खेळतात. आबांच्या ओळखीत आलेल्या कुठल्याही माणसाला लिनक्स म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालतं, कारण आबा ते सांगतातच. कॉम्प्युटर चालवायची एक सिस्टिम असते. सगळे जी वापरतात ती नाही, ही दुसरी, फुकट, आणि तिच्यात काय चाललंय ते आपल्याला उघडून बघता येतं. हे ते पानवाल्याला सांगतात, बँकेतल्या मॅडमना सांगतात, अक्कलकुव्याला जायच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या म्हातारीलाही त्यांनी सांगितलंय. कुणाचा मोबाइल आपोआप बंद होऊन सुरू झाला की आबा लगेच वळून विचारतात, "अपडेट उनं का? तुले इचारं का त्यानी? नही ना? मंग मालक कोन शे?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालक कोन शे.

लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. ते आबांनी मोटारसायकलच्या टाकीवर चिकटवलंय. नगरपालिकेच्या निवडणुकीत तीन-चार जणांनी त्यांना थांबवून विचारलं, की बदकावर कोण उभं आहे. एकदा आबांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी टाइप करायला घेतलं, नेमके साहेब मागून आले. साहेबांनी ते हॅकिंग समजून अख्ख्या ऑफिसच्या इंटरनेटची वायर स्वतःच्या हातानं उपटली. ती परत जोडायला माणूस नंदुरबारहून यायचा होता. तो येईपर्यंत आम्ही सगळे नुसते बसून होतो. मला तरी ते दिवस बरे गेले.

मी शहाद्यातच खोली घेतली आणि तिथंच फसलो. आबा म्हणाले, दोन गाड्या कशाला, मन्हा मांगे बठ. तेव्हापासून जाता-येता मी आबांच्या मागे बसतो आणि बेटाचा वृत्तांत ऐकतो. वारा तोंडावर येत असतो, उसाचे ट्रॅक्टर आडवे येत असतात, आणि आबा मान मागे वळवून ओरडत असतात, "नदीना काठले मका लावा व्हता रे! असा कंबरइतला व्हयना व्हता!" मी "हो का" म्हणतो. सकाळी बरा असतो हा "हो का". संध्याकाळी त्यात जीव राहत नाही.

त्यात हा गेम मुळात दुसऱ्या सिस्टिमसाठी केलेला. लिनक्सवर चालवायचा तर मधे एक दुभाषा प्रोग्राम बसवावा लागतो. तो दुभाषा कधी रुसतो. मग चित्र दिसतं तर आवाज नाही, आवाज येतो तर माणसाला डोकं नाही. एक अख्खा रविवार आबा बिनडोक्याचे फिरले. सोमवारी मला सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. "पन फिरनू ना," ते म्हणाले.

सगळ्यात वैताग मला त्यांच्या खेळण्याचा यायचा. मी कधी गेम खेळलेलो नाही, पण इतकं ऐकल्यावर मलाही कळायला लागलं होतं, की हे गृहस्थ अत्यंत मूर्खासारखे खेळतात. घराला कडी लावत नाहीत. कुणी परका शस्त्र घेऊन अंगणात आला, की पळायचं किंवा मारायचं सोडून इंग्रजी अक्षरांत लिहितात, 'जेवलास का?' समोरचा ब्राझीलचा नाहीतर रशियाचा. त्याला वाटतं ही काहीतरी धमकी आहे. तो कुऱ्हाड घालतो.

"आबा, कडी लावत जा ना," मी एकदा गाडीवरूनच ओरडलो.

"नही जमस."

"का नाही जमत? गेममध्ये कडी नाही का?"

"कडी शे. कुलूपबी शे." प्रकाशा गावाकडून येणारी एस.टी. गेली, धुरळा बसला, आणि मग ते म्हणाले, "दार लावं तर येनाऱ्याले कसं समजी, घरमा कोनी शे का नही?"

मी नाद सोडला.

वहिनींना मी पहिल्यांदा भेटलो तो एका रविवारी दुपारी, आबांनी मागितलेली केबल द्यायला गेलो तेव्हा. त्यांना पक्षाघात झालाय एवढं मला माहीत होतं. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. दिवसा आबांची बहीण त्यांच्याजवळ असते, ऑफिस सुटल्यावर आबा. ब्राह्मणपुरीत असताना या बाईचे पाय घरात ठरत नसत, असं ती बहीण मला सांगत होती. सकाळी शेत, दुपारी नदी, संध्याकाळी कुणाच्या घरी पापड लाटायला. बांगडीवाला, मेंढपाळ, ऊसतोडीचे लोक, दारावरून जाणारा एकही माणूस जेवल्याशिवाय पुढे गेलेला नाही.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. टेबलावर, भिंतीशी असेल असं मला वाटलं होतं. तो पलंगाच्या पायथ्याशी होता, पडदा उशीकडे वळवलेला. वहिनी तीन उशांना टेकून बसल्या होत्या. आबा पलंगाच्या कडेला मांडीवर कीबोर्ड घेऊन. वहिनींचा डावा हात वर झाला आणि एक बोट हललं. पडद्यावरचा माणूस नदीकडे वळला.

"मक्याले पानी दि दिधं ना," आबा म्हणाले.

"हाव," वहिनी म्हणाल्या. हा एकच शब्द त्यांच्याकडे उरलाय. होकाराचा एक हाव, नकाराचा एक, आणि रागाचा एक. हा नकाराचा होता.

"बरं, परत देस."

मग झाडीतून एक माणूस आला. अंगावर लोखंडी चिलखत, हातात भाला. मलासुद्धा घाबरायला झालं. मी म्हणालो, "आबा, पळा!" वहिनींचं बोट हललं, ते घराकडे, चुलीवरच्या भांड्याकडे.

"समजनं व, समजनं," आबा म्हणाले आणि टाइप केलं, 'जेवलास का?'

त्या माणसानं आबांना भोसकलं. पडदा लाल झाला. वहिनींनी संतापून "हाव!" म्हटलं. तो राग भालेवाल्यावर होता की आबांच्या सावकाशीवर, ते मला कळलं नाही. आबा माझ्याकडे बघून कसनुसं हसले. "मी मन्हा मनथीन खेळतू तर पयलं कुलूप लावतू," ते म्हणाले. "पन पाय तिना शेत. मी नुसता हात."

त्यानंतर मी गाडीवर मागे बसून "हो का" म्हणायचो, तो जरा बरा म्हणायचो.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आबा गप्प झाले. पहिल्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी रस्ता लांब वाटायला लागला. नंतर मीच विचारलं, "मका कसा आहे?"

"बंद शे."

गेमच्या कंपनीनं लबाडी करून जिंकणाऱ्यांना पकडायला एक पहारेकरी प्रोग्राम आणला होता. तो पहारेकरी लिनक्सला ओळखत नव्हता. म्हणून कंपनीनं जाहीर करून टाकलं, की लिनक्सवाल्यांनी आता यायचंच नाही. आबांनी हरप्रकारे करून पाहिलं. इंटरनेटवर जिथं जिथं विचारता येतं तिथं विचारलं. कुणीतरी उत्तर दिलं, की एवढं असेल तर सगळे वापरतात ती सिस्टिम टाक आणि गप खेळ.

"मग टाका ना," मी म्हणालो.

आबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली. खाली उतरले नाहीत, मागेही वळले नाहीत. म्हणाले, "दिनू, इतला वरीस मी लोकेसले काय सांगी ऱ्हायनू?"

आबांनी पुन्हा किक मारली आणि आम्ही घरी आलो.

वहिनींसाठी त्यांनी दुसरे गेम आणले, लिनक्सवर चालणारे. एकात ठोकळ्यांचं सुंदर गाव बांधता येत होतं. वहिनींनी थोडा वेळ पाहिलं आणि हात पांघरुणात घेतला. तिथं दारावर कुणी येतच नव्हतं. पुढे त्यांनी दुपारचं जेवण अर्ध्यावर सोडायला सुरुवात केली. संध्याकाळी तोंड भिंतीकडे करून पडायच्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. आबांची दाढी वाढली. ऑफिसात कुणाचा तरी मोबाइल अपडेट होऊन बंद पडला, सगळ्यांनी सवयीनं आबांकडे पाहिलं. आबा फाइलमध्ये बघत राहिले.

एका शुक्रवारी त्यांनी मला उतरवताना म्हटलं, "सकायले ये. काम शे."

गेलो. पेनड्राइव्ह लावलेला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक प्रश्न येऊन थांबला होता: डिस्कवरचं सगळं पुसून नवी सिस्टिम टाकायची का? आबांचं मशीन जुनं, डिस्क लहान. दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवायला जागा नव्हती.

"सगळं तयार करी ठेवं शे," आबा म्हणाले. "मन्हा हात व्हत नही. तू दाब."

"आबा, नक्की?"

त्यांनी पलंगाकडे पाहिलं. वहिनींचं तोंड भिंतीकडेच होतं.

"दाब रे."

मी एंटर दाबलं. आबा उठून मोरीवर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. नवी सिस्टिम बसत होती तोवर तिनं काय काय विचारलं, प्रत्येकाला आबांनी मान खाली घालून होकार दिला. पत्ता विचारला, दिला. आपोआप अपडेट करू का, विचारलं. त्यालाही हो म्हणाले. त्या माणसाला मी इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत गेम सुरू झाला. लाटांचा आवाज आला. वहिनींनी मान वळवली.

मी आणि आबांच्या बहिणीनं त्यांना उशांना टेकवून बसवलं. आबांनी माणूस किनाऱ्यावर चालवत नेला, नदीच्या काठानं वर, आणि थांबवला. घर नव्हतं. त्या गेममध्ये घराची डागडुजी केली नाही तर ते कुजून पडतं. मक्याच्या जागी कुणीतरी लोखंडी भिंतींचा उंच किल्ला बांधला होता. आबा बघत असतानाच किल्ल्यावरून गोळी आली. पडदा लाल झाला, आणि ते पुन्हा किनाऱ्यावर उठले. उघडे, हातात दगड.

मला वाटलं, एवढं करून हेच व्हायचं होतं. आबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "थकनू व," ते वहिनींना म्हणाले. "आते परत पयलेपासून? नही व्हनार मन्हाकडथीन."

वहिनींच्या घशातून आवाज आला. मी घाबरून पाहिलं. त्या हसत होत्या. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण तेवढ्या बाजूला ते हसू मावत नव्हतं. पांघरुणातून डावा हात बाहेर आला. बोट नदी सोडून, किल्ला सोडून, पार तिकडे डोंगराकडे गेलं. आबा आजवर तिथं कधी गेलेले नव्हते.

"तठे? इतलं दूर?"

"हाव."

"रस्तामा वाघ शेतस व!"

"हाव," वहिनी म्हणाल्या. तिन्हींतला कुठलाच हाव तो नव्हता. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

आबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि कीबोर्ड मांडीवर ओढला. माणूस चालायला लागला. वहिनी बोटानं दाखवत होत्या, आबा पुटपुटत होते, "हं, हं, दखनू, दगड शे तठे." मी चप्पल घातली आणि "येतो" म्हणालो. कुणी मागे वळून पाहिलं नाही. तोवर दोघं बरेच पुढे निघून गेले होते.