अत्यंत गोपनीय दर्यावर्दी

वेशभूषेच्या दिवसाला नऊ दिवस उरले होते. विमा कंपनीतल्या तपासनीसांनी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले, बायकोला आणि मुलीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यंदा फितुरी होता कामा नये."

"पंखा तरी लावू का?" बायकोने विचारलं.

"लाव. आवाजात बोलणं झाकलं जाईल."

माणूस वाईट नव्हता हो. पण वीस वर्षं लोकांच्या जळलेल्या दुकानांवर आणि चेपलेल्या गाड्यांवर संशय घेत काढली की तो अंगात मुरतो. घरात दूध नासलं तरी 'शेवटचा हात कोणी लावला होता?' हा त्यांचा पहिला प्रश्न असे. ऑफिसात त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत, आणि नक्की कोण म्हणतं याचा तपास ते तीन वर्षं करत होते.

यंदाच्या संशयाला मात्र कारण होतं. शाळेत दर वर्षी 'इतिहासातली माणसं' नावाची वेशभूषा असे. मागच्या वर्षी भिंगरी राणी झाली होती. भिंगरी म्हणजे त्यांची आठ वर्षांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. बापाने दोन रविवार खपून पुठ्ठ्याचा सात टोकांचा मुकुट केला, आणि स्टेजवर पाहतात तर सात टोकांचे मुकुट घातलेल्या आणखी चार राण्या. त्यातली एक समोरच्याच दारातल्या दंतवैद्यांची मुलगी, भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. परीक्षकांनी पाची राण्यांना ओळीत उभं करून एकेक पेन्सिल दिली. भिंगरीने ती पेन्सिल घरापर्यंत मुकाट्याने आणली आणि घरात आल्यावर मोडून दोन तुकडे केले. पुढच्या वर्षी मी जाणारच नाही, एवढंच म्हणाली.

ते तुकडे तपासनीसांनी कपाटात जपून ठेवले होते. पुरावा म्हणून, असं ते बायकोला सांगत. खरं म्हणजे त्यांना ते टाकवत नव्हते.

"यंदा तुझ्यासारखं दुसरं कोणी नसेल," ते टेबलावर वाकून भिंगरीला म्हणाले. "बाबाचा शब्द."

"लिहून दे."

शेवटी मुलगी कोणाची. त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली, तारीख घातली. भिंगरीने कागदाची घडी करून ती कंपासपेटीत ठेवली.

बेत ठरला तो दर्यावर्दीचा. जुन्या काळचा, जहाज घेऊन अनोळखी समुद्रात शिरणारा. तिकोनी टोपी, लांब कोट, हातात दुर्बीण आणि छातीवर पुठ्ठ्याचं भलंमोठं होकायंत्र. तपासनीसांनी त्याचं मापांसकट चित्र काढलं, वर लाल अक्षरात 'अत्यंत गोपनीय' असं लिहिलं, आणि ऑफिसच्या सवयीने त्याच्या तीन प्रती काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराला त्यांनी मशीनकडे पाठ करून उभं राहायला लावलं आणि झाकण स्वतः उचललं, स्वतः लावलं.

"ह्या टोपलीत काय आहे?" प्रती मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"कचरा आहे साहेब."

"माझा तर नाही ना?"

दुकानदाराने टोपली उपडी करून दाखवली. तीन प्रती पुन्हा दोनदा मोजून, शर्टाच्या आत घालून, तपासनीस घरी आले. भिंगरीने चित्र पाहिलं आणि नाक मुरडलं. "बाबा, पूर्व इकडे नसते. तू पूर्व-पश्चिम उलट लावलीस. हा माणूस निघाला की भलतीकडेच जाणार." खरंच उलट होतं. त्यांनी तिन्ही प्रतींवर चूक दुरुस्त केली. एक कपाटात गेली, एक बायकोकडे, एक त्यांच्या बॅगेत.

आता प्रश्न फितुराचा. मागच्या वर्षी मुकुट बाहेर फुटला तो कोणामुळे? संशयित तिघं होते. पहिल्या टेलरकाकू, कारण मुकुटाची कापडी पट्टी त्यांनी शिवली होती. दुसऱ्या सासूबाई, कारण त्या फोनवर कोणाशीही तासभर बोलत. तिसरे अर्थातच दंतवैद्य. तपासनीसांनी ऑफिसातली जुनी युक्ती काढली. तिघांना तीन वेगवेगळ्या थापा मारायच्या; जी थाप फिरून कानावर येईल, तिचा मालक फितूर.

टेलरकाकूंना त्यांनी सांगितलं, भिंगरी सेनापती होणार. सासूबाईंना सांगितलं, जुन्या काळची वैद्य. आणि जिन्यात दंतवैद्यांना गाठून, इकडेतिकडे बघत, कानाशी सांगितलं, "तारे बघणारी खगोलशास्त्रज्ञ. कुठे बोलू नका."

"छान की," दंतवैद्य म्हणाले. "काही मदत हवी का?"

मदत हवी का म्हणे. तपासनीसांनी घरात जाऊन हे वाक्य तारीख-वेळेसकट डायरीत उतरवलं.

चार दिवसांनी सगळाच घोळ झाला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "जावईबापू, भिंगरी तारे मोजणार म्हणे?" दंतवैद्यांनी जिन्यात विचारलं, "सेनापतीला ढाल लागेल ना हो?" आणि टेलरकाकूंनी खालून हाक मारून विचारलं, वैद्याच्या झग्याला बाही लांब की आखूड. तिन्ही थापा फुटल्या होत्या, आणि एकही आपल्या मालकाच्या तोंडून आली नव्हती.

"तिघं एकमेकांना मिळालेली आहेत," तपासनीस बायकोला म्हणाले.

"अहो, आईचे कपडे टेलरकाकूंकडेच शिवायला असतात. डॉक्टरांचेही. बोलत असतील."

"तेच म्हणतोय मी. टोळी आहे."

त्या दिवसापासून घराला वेढा पडला. समोरून दिसू नये म्हणून खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. कोट तपासनीसांनी स्वतः शिवला आणि दोनदा स्वतःच्या शर्टालाच शिवून घेतला. टोपीला टोपी म्हणायची बंदी आली, तिला 'पातेलं' म्हणायचं ठरलं. दुर्बीण झाली 'लाटणं'. वेश घालून बघायचा तो बाथरूममध्ये, नळ सोडून. काचांवरचे कागद बघून दंतवैद्यांनी भिंगरीच्या आईला काळजीने विचारलं, घरी कोणाचे डोळे आले आहेत का.

आणि शेवटचा हुकूम सुटला तो भिंगरीला. "डॉक्टरांच्या मुलीशी कार्यक्रम होईपर्यंत बोलायचं नाही."

"अजिबात?"

"पाच दिवसांचा तर प्रश्न आहे."

रोज दोघी एकत्र शाळेत जात, आता भिंगरी दहा मिनिटं आधी निघू लागली. समोरचं दार उघडलं की मान खाली घालायची. एकदा बायको म्हणाली, "पोर जेवत नाहीये नीट." तपासनीस हुकूम मागे घ्यायला उठलेही. पण मागच्या वर्षीची पेन्सिल त्यांना आठवली आणि काचेवरचा सुटलेला एक कागद पुन्हा चिकटवून ते परत बसले.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. स्टेजमागच्या वर्गात मुलांची आणि आयांची ही गर्दी उसळली होती. तपासनीसांनी वेशाची पिशवी पोटाशी धरून आत नेली, दाराआड भिंगरीला कोट चढवला, होकायंत्र बांधलं, पातेलं डोक्यावर ठेवलं. मग ते अभिमानाने दाराआडून बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

समोर चार दर्यावर्दी उभे होते. तिकोनी टोप्या, लांब कोट, दुर्बिणी, आणि चौघांच्या छातीवर पुठ्ठ्याची होकायंत्रं. चौथी होती दंतवैद्यांची मुलगी.

"सापडलात डॉक्टर," तपासनीस दंतवैद्यांच्या पुढ्यात जाऊन म्हणाले. आवाज शांत होता. ऑफिसात खोट्या अर्जदाराला पकडताना असायचा तसा. "कागद कोणी दिला?"

"झेरॉक्सवाल्याने. का हो?" दंतवैद्यांनी खिशातून घडी काढली. "मशीनच्या झाकणाखाली कोणीतरी विसरून गेलं होतं म्हणे. चित्र चांगलं, मापंही दिलेली, म्हणून तो येईल त्याला एकेक प्रत देतोय. वर गोपनीय लिहिलंय, मला वाटलं गंमत असेल."

तपासनीसांनी कागद हातात घेतला. पूर्व डावीकडे, पश्चिम उजवीकडे. त्यांनी चारही दर्यावर्द्यांच्या छात्या एकेक करून पाहिल्या. सगळ्यांची पूर्व डावीकडे. म्हणजे कागद फुटला तो चूक दुरुस्त होण्याआधी. आणि त्याआधी तो एकाच माणसाच्या हातात होता. त्या माणसाने तीन प्रती तीनदा मोजल्या, कचऱ्याची टोपली तपासली, आणि मूळ कागद मशीनमध्येच ठेवून छाती पुढे काढून घरी आला. वीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ पुरावा त्यांना मिळाला नव्हता.

"बाबा," मागून भिंगरी म्हणाली. तिने पातेलं काढून हातात धरलं होतं. "तू लिहून दिलं होतंस."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत टेलरकाकू आल्या, हातात चंदेरी कापडाचं चिलखत. "तुम्हाला कुठलं जमायला? म्हणून शिवूनच टाकलं. सेनापतीचं." त्यांच्या पाठोपाठ सासूबाई, वैद्याचा पांढरा झगा आणि औषधी मुळ्यांची पिशवी घेऊन. "जावईबापू, झगा काकूंनी शिवला, मुळ्या मी आणल्या." आणि दंतवैद्यांनी संकोचत पिशवीतून उंच निमुळती टोपी काढली, चांदण्या चिकटवलेली. "आमच्या मुलीने केली हो. भिंगरी तिच्याशी बोलत नाही, पण टोपी करायचीच म्हणाली."

तपासनीस त्या तीन वेशांकडे बघत राहिले. या तिघांना त्यांनी जाळ्यात पकडायला थापा मारल्या होत्या, आणि तिघांनी त्या थापा मनापासून शिवून आणल्या होत्या. त्यांना लाज वाटली. इतकी की तिथल्या फळ्याआड जाऊन उभं राहावंसं वाटलं.

भिंगरी मात्र त्या कपड्यांकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. "सगळे दे," ती म्हणाली. "एकावर एक घालते."

"अगं, पण मग तू होणार कोण?"

"आठवडाभर घरात जे चाललंय ना, ते करणारी."

स्टेजवर गेली तेव्हा ती चांगलीच गोल दिसत होती. सगळ्यात वर वैद्याचा झगा. "मी गावोगाव औषधं विकते," तिने माइकमध्ये सांगितलं, आणि झगा काढला. आत चिलखत. "आणि छावणीत गेले की मी सेनापती." चिलखत उतरलं, चांदण्यांची टोपी डोक्यावर चढली. "राजवाड्यात मी तारे बघते." मग टोपीही गेली आणि तिकोनी आली. "बंदरावर मी दर्यावर्दी. ह्याला टोपी म्हणायचं नाही, पातेलं म्हणायचं. कारण मी राजाची हेर आहे."

हशा पिकला. तपासनीस हसले नाहीत. त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

भिंगरीने कोट काढला. आत शाळेचा साधा गणवेश होता. "हेराने घराच्या काचांना कागद लावायचे असतात," ती म्हणाली. "कोणावर विश्वास ठेवायचा नसतो. मैत्रिणीशी बोलायचं नसतं. म्हणून मी आजपासून ही नोकरी सोडते."

टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. पहिलं बक्षीस तिला मिळालं, एक जाडजूड चित्रांचं पुस्तक. चारही दर्यावर्द्यांना ओळीत उभं करून एकेक पेन्सिल मिळाली. दंतवैद्यांची मुलगी खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा तपासनीसांच्या ओळखीचा होता. मागच्या वर्षी तो त्यांनी घरातच पाहिला होता. भिंगरी धावत तिच्याकडे गेली. दोघी पायरीवर बसल्या, पुस्तक मांडीवर उघडलं आणि पाच दिवसांचं तुंबलेलं बोलणं सुरू झालं ते थांबेचना.

दंतवैद्य आणि तपासनीस शेजारी शेजारी उभे होते. "डॉक्टर," तपासनीस म्हणाले, "तो कागद माझा होता."

"अक्षर आत्ता ओळखीचं वाटलं," दंतवैद्य म्हणाले. "आणि मागच्या वर्षीचा मुकुटही तुमचाच होता. तुम्ही कापून उरलेला पुठ्ठा जिन्यात ठेवला होता ना, त्यात अख्खा आकार होता. आमच्या पोरीने तो कित्ता वर्गभर फिरवला. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."



घरी जाताना मुली पुढे पळत होत्या. मध्येच भिंगरी मागे आली, बाबांचा हात धरला आणि कंपासपेटीतला तो सही केलेला कागद त्यांना परत दिला. "शब्द पाळलास," ती म्हणाली. "माझ्यासारखं दुसरं कोणी नव्हतं." मग विचारलं, "आणि बाबा, तो फितूर सापडला का रे?"

"सापडला."

"मग पकडलंस त्याला?"

"हो," तपासनीस म्हणाले. "घरीच घेऊन चाललोय. काचांवरचे कागद काढायचेत त्याला."