कंपनमुक्त वाहन

आरोग्य खात्याच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला एक खोड लागली. वेग वाढला की तिच्या पोटातून खडखड ऐकू यायची आणि पायाखालचा पत्रा थरथरायचा. डोंगरावरच्या वस्त्यांवर मुलांसाठी लसी घेऊन जाणाऱ्या सिस्टर जीव मुठीत धरून बसायच्या. शेवटी वैतागून त्यांनी रीतसर तक्रार केली की गाडी फार आवाज करते.

मिस्त्री गाडीखाली शिरला. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे दोन लोखंडी शाफ्ट असतात, एक पुढच्या चाकांकडे जाणारा आणि एक मागच्या. दोन्ही हलवून पाहिल्यावर त्यानं पुढच्या शाफ्टचा सांधा झिजल्याचं निदान केलं आणि खात्री करून घ्यायला तो शाफ्टच काढून बाजूला ठेवला. सपाट रस्त्यावर गाडी हूं की चूं न करता पळाली. नवा सांधा घालून शाफ्ट परत चढवला की झालं, असं सांगून तो हात पुसायला लागला.

खात्याच्या साहेबांना ही उधळपट्टी वाटली. तक्रार आवाजाची होती आणि आवाज थांबला होता. मग दुरुस्ती कशाची?

"पण साहेब, पुढच्या चाकांना जोरच नसेल तर गाडी चढ कसा चढेल?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तक्रारीत चढाचा उल्लेख नाही," साहेब म्हणाले.

पुढच्या खेपेला गाडी चिखलात रुतली. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि सिस्टर लसींची पेटी खांद्याला लावून पायी वर गेल्या. सगळा भार आता मागच्या शाफ्टवर आला होता. दोघांचं काम एकट्याच्या गळ्यात मारलं की कुठल्याही खात्यात जे होतं तेच झालं, तोही कुरकुरायला लागला. सिस्टरनी दुसऱ्या तक्रारीत चढ लिहिला, चिखल लिहिला आणि ओघात आवाजही लिहिला. तिथेच त्या फसल्या. आवाजावर खात्याकडे आता सिद्ध झालेला उपाय होता.

हाही शाफ्ट काढला तर गाडी जागची हलणार नाही, असं मिस्त्रीनं सांगून पाहिलं. साहेबांनी त्याला हेच लेखी द्यायला सांगितलं. मिस्त्रीला बायकामुलं होती. त्यानं शाफ्ट काढला.

मुख्यालयातून मोठे साहेब पाहणीला आले. ते मागच्या सीटवर टेकले, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मोठ्या साहेबांच्या हातातल्या ग्लासातलं पाणीसुद्धा हललं नाही. इतका सुखाचा प्रवास आपण नोकरीत कधी केला नाही, असं ते म्हणाले.

"साहेब, गाडी उभी आहे," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"म्हणूनच अपघाताचीही भीती नाही," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी हा उपाय सगळ्या गाड्यांना लागू केला.

साहेबांचा जाहीर सत्कार झाला. सभागृह खचाखच भरलं होतं. तुम्ही होतात, मीही होतो. कंपनमुक्त वाहनाच्या उल्लेखाला आपण हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्या ओसरल्यावर मागच्या रांगेतून सिस्टर उठल्या. पावलं सुजल्यामुळे त्यांना खुर्चीला धरून उभं राहावं लागलं.

"वरच्या वस्तीतली मुलं अजून राहिलीत," त्या म्हणाल्या. "उद्या माझ्याबरोबर चालत कोण येतंय?"

आपल्यापैकी कुणीही आवाज केला नाही.