कायम झाली ती बुरशी

शेवटी जीवशास्त्र विभागातल्या कायम जागेवर बुरशी बसली. असं काही घडल्याचं शाळेच्या कार्यालयाला मात्र मान्य नाही, तेव्हा आपणही हे वाक्य वाचलंच नाही असं धरू आणि पावापासून सुरुवात करू.

पाव सरांच्या घरी, ओट्याखालच्या कपाटात, ओल्या फडक्यावर बसला होता आणि काही केल्या सडत नव्हता.

सर शाळेत जीवशास्त्र शिकवत. तात्पुरते. सुट्टी लागली की त्यांची नोकरी मावळे आणि शाळा उघडली की पुन्हा उगवे. यंदा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, "प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतायत. जिवंत नमुने दाखवा. त्यांनी अहवालात चांगलं लिहिलं, तर तुमच्या कायम होण्याचं बघू." जिवंत नमुने म्हणजे पावावरची बुरशी आणि तळ्याच्या पाण्यातला अमीबा. थोडक्यात, सरांचं भवितव्य या दोघांच्या हातात होतं आणि दोघांनाही हात नव्हते.

"अरे, तो पाव टाकून देऊ का?" आईने विचारलं.

"आई, हात लावू नकोस. बुरशी यायचीय."

"लोकांच्या मुलांकडे पाहुणे यायचे असतात."

बुरशी आली नाही. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ओल मिळाली की रुजतात, असं सर वर्गात छातीठोकपणे सांगत. पण या पावात बेकरीवाल्याने काय घातलं होतं कोण जाणे, बीजाणू दारावरूनच परत जात होते. बुरशी सरांच्या कमरेच्या पट्ट्यावर आली, बुटांवर आली, पदवीच्या फ्रेममध्ये शिरली. पावावर नाही ती नाहीच.

निदान तळ्याचं पाणी होतं. बाल्कनीतल्या बरणीत, हिरवट आणि भरल्या घरासारखं गजबजलेलं. परीक्षेच्या दिवशी सकाळी सर बरणी उचलायला गेले, तर पाणी आरशासारखं स्वच्छ.

"आई, हे पाणी बदललंस?"

"बदलेन कशाला? तूच म्हणालास ना, टाकू नकोस म्हणून. गाळलं आणि चांगलं खळखळून उकळलं. अरे, त्यात काहीतरी वळवळत होतं!"

वळवळणाऱ्यांसाठी सरांनी मनातल्या मनात क्षणभर शांतता पाळली.

परीक्षक नुसते डोकावतात आणि पुढे जातात, एवढीच आता आशा होती. सरांनी एका काचपट्टीवर टवटवीत पावाचा कण ठेवला, दुसरीवर उकळलेल्या पाण्याचा थेंब. शाळेचा सूक्ष्मदर्शक एकच. खराब होऊ नये म्हणून तो वर्षभर कुलपात असे आणि फक्त परीक्षेला बाहेर येई. त्यातून स्वतः बघायचं सरांना धाडस झालं नाही.

शेजारी मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या. परीक्षकांनी पहिल्या पट्टीवर डोळा लावला. "वा! काय तंतू, काय फांद्या! बाई, अशी बुरशी हल्ली बघायला मिळत नाही." मग दुसऱ्या पट्टीकडे डोळा नेला न नेला. "हा अमीबाही उत्तम."

सर चक्रावले. मुलं एकेक करून बघून गेली, आकृत्या काढून झाल्या आणि परीक्षक लाल पेन घेऊन बसले.

"हे काय? अमीबा काढायला सांगितला, तर कोळ्याचं जाळं? शून्य! हेही जाळं? शून्य!"

असं करत अख्खा वर्ग शून्यात गेला. एकाच मुलाचा अमीबा हुबेहूब होता. त्याचे डोळे आले होते, म्हणून त्याला सूक्ष्मदर्शकाजवळ जायला मनाई होती. त्याने पुस्तकातली आकृती आठवून काढली होती.

"शाब्बास! निरीक्षण असावं तर असं!"

"पण सर, आम्हाला दिसलं तेच आम्ही काढलंय," एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"दिसतं ते काढायचं नसतं! असतं ते काढायचं!"

सर अस्वस्थ झाले. वर्षभर त्यांनी मुलांना एकच गोष्ट शिकवली होती: पुस्तक मिटा, दिसेल तेच काढा. ते उठले आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नाजूक पांढुरके तंतू, नद्यांच्या नकाशासारखे पसरलेले. त्यांनी काचपट्टी सरकवली. तंतू हलले नाहीत. वरचं भिंग फिरवलं. तंतूही त्याच्याबरोबर गोल फिरले.

आता गप्प बसलं की अहवाल उत्तम, नोकरी पक्की. आणि वर्ग शून्यावर. असा अडथळा आला की अमीबा खोटे पाय काढतो आणि कडेकडेने सटकतो. सरांकडे दोनच पाय होते, आणि दोन्ही खरे.

"सर, अमीबा नाहीये," ते म्हणाले. "ते आईने उकळलेलं पाणी आहे. पावही ताजा आहे. बुरशी भिंगात आहे. मुलांनी बरोबर काढलंय."

परीक्षकांनी भिंग फिरवून पाहिलं. मग उलटं फिरवून पाहिलं. "भिंगात कशी काय?"

"बंद कपाट, अंधार, ओल. तिला एवढं पुरतं. स्वतःचं अन्न ती तयार करत नाही. जिथे बसेल तिथलंच खाते."

मुख्याध्यापिकाबाई उगाच खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मी मघाशी 'उत्तम' म्हणालो का हो?" परीक्षकांनी हळूच विचारलं.

"म्हणालात की," डोळे आलेला मुलगा म्हणाला. "मला दिसत नाही, पण ऐकू येतं."

मुलांची शून्यं खोडली गेली. परीक्षकांना मात्र आपलं 'उत्तम' खोडणं जमेना. त्यांनी अहवालात लिहिलं, की शाळेत बुरशीचा दुर्मिळ जिवंत नमुना आहे आणि तो कायम जतन करावा. त्या दिवसापासून भिंग पुसायला बंदी आहे. सरांना पुन्हा एका वर्षाची नेमणूक मिळाली. कामात एक भर पडली: नमुन्याची देखभाल.

"म्हणजे ती पक्की आणि तू तिच्या हाताखाली?" आईने विचारलं. "निदान मायाळू आहे का?"

सरांनी कार्यालयाकडे रीतसर अर्ज केला:

'उपरोक्त बुरशी दीर्घ रजेवर गेल्यास अथवा तिने स्वेच्छानिवृत्ती घेतल्यास, रिक्त होणाऱ्या कायम पदासाठी अर्जदाराचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.'