बिनसुईचं इंजेक्शन

"उद्या प्रत्येकाच्या हातात सिरिंज येणार आहे. कुणीही गैरहजर राहायचं नाही," असं कमळाकर सरांनी बुधवारी शाळा सुटताना आठवीच्या वर्गाला बजावलं, आणि घोळ झाला तो तिथंच.

रोह्याजवळच्या खांब गावाच्या अलीकडं एका छोट्या गावात सर विज्ञान शिकवत. मुलांनी स्वतःच्या हातांनी यंत्रं करून बघावीत, म्हणजे पुढं काय व्हायचं ते त्यांना उमगेल, असं परिपत्रक आलं होतं. कार्यक्रम बघायला रोह्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते आणि शेवटी 'मोठेपणी कोण व्हायचंय आणि का' असा एक फॉर्म मुलांकडून भरून घ्यायचा होता. इतरांनी परिपत्रकावर सही करून ते फायलीत घातलं. सरांनी मात्र मनावर घेतलं. पंधरा दिवस खपून त्यांनी पुठ्ठ्याच्या आठ छोट्या जेसीबींचे सुटे भाग कापले. एका सिरिंजमधलं पाणी दाबलं की नळीतून ते दुसऱ्या सिरिंजमध्ये जायचं आणि जेसीबीचा हात वर उठायचा. या खटपटीत सरांचा अंगठाही कापला.

चाळीस नव्या, बिनसुईच्या सिरिंजा आरोग्य उपकेंद्रातल्या इंदुबाई सिस्टरांनी दिल्या. पिशवी नव्हती, म्हणून त्यांनी त्या लस न्यायच्या निळ्या डब्यात भरल्या. तो डबा खांद्याला अडकवून सर भर गावातून चालत शाळेत आले.

गुरुवारी एकतीसपैकी चार मुलं हजर होती.

"बाकीचे कुठायत?"

"सर, आज इंजेक्शन हाय ना, म्हणून घरच्यांनी पाठवलं नाय," पहिल्या बाकावरची मालू म्हणाली.

"मग तू कशी आलीस?"

"आई सकाळीच नागोठण्याला गेली. तिला कुणी सांगितलंच नाय."

मुख्याध्यापक दिनानाथ सर दारात येऊन उभे राहिले. "कमळाकर, साहेब बाराला येतायत. चार पोरं दाखवू त्यांना? लगेच पालकांच्या ग्रुपवर खुलासा टाका."

सरांनी घाईघाईनं लिहिलं, "शाळेत कुणालाही इंजेक्शन दिलं जाणार नाही. सिरिंजा फक्त मुलांच्या हातात दिल्या जातील."

पाचव्या मिनिटाला काशीबाईंचा आवाज ग्रुपवर घुमला. त्यांचा नातू आठवीत होता. "म्हणजे काय मास्तर? पोरंच एकमेकांना टोचणार? डाक्तरला तरी कालीज असतं!"

हे ऐकून उरलेली चार मुलंही दप्तरं उचलायला लागली. दिनानाथ सरांनी धावत जाऊन फाटकाला कुलूप घातलं.

सरांनी चौघांना घेऊन काम सुरू केलं. नळीतलं पाणी दिसावं म्हणून त्यात लाल रंग कालवला होता. मालूनं दट्ट्या जरा जोरात दाबला, नळी सटकली आणि सरांचा पांढरा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाला. तेवढ्यात बाहेर गलका झाला. काशीबाई वीस-पंचवीस माणसं घेऊन फाटकाशी आल्या होत्या.

सर तसेच धावत बाहेर गेले. "अहो, काही झालं नाही! एक नळी सुटली फक्त. चौघंही बरी आहेत!"

"अगो बाय बाय!" काशीबाईंनी कपाळावर हात मारला. "कुलूप घालून टोचतायत गो!"

नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप आली. "डाक्तर आला, डाक्तर!" असं ओरडत सगळे जीपकडे वळले. साहेबांनी काच खाली केली, गर्दी बघितली, लाल शर्टातले सर बघितले आणि काच पुन्हा वर केली.

सरांना रडू फुटायचं बाकी होतं. शेवटी मालूच जेसीबी घेऊन फाटकाशी आली आणि गजांतून तो पुढं धरत म्हणाली, "काशीआजी, हे बघ. सुई नाय यात. इकडं दाबलं का तिकडं उठतं."

तिनं दाबलं. जेसीबीनं हात उचलला खरा, पण बकेट पालथीच राहिली.

"उलटी बसवलीय," गर्दीतून जनू म्हणाला. तो हायवेच्या कामावर जेसीबी चालवायचा. "सर, ती आत वळाया पायजे. उघडा फाटक, मी दावतो."

कुलूप निघालं. जनू वर्गात मांडी घालून बसला, बकेट फिरवून बसवली आणि नळी दोऱ्यानं आवळली. खऱ्या मशीनमध्ये पाण्याच्या जागी तेल असतं, हेही त्यानं झकास समजावलं. आपण पंधरा दिवस हेच पाठ केलं होतं, हे सरांनी गिळून टाकलं. जेसीबीनं टेबलावरची वाळू उचलून डब्यात टाकली, तेव्हा काशीबाईंनी स्वतः चार वेळा दट्ट्या दाबून बघितला. मग त्यांनीच फोन लावला, "पोरांना पाठवा गो! इंजेक्शन नाय, गंमत हाय!"

अर्ध्या तासात एकतीसच्या एकतीस मुलं वर्गात होती. साहेबही जीपमधून उतरले. आठ जेसीबी एकदम चालू झाले. सरांना वाटलं, चला, दिवस सार्थकी लागला.

इतक्यात इंदुबाई सिस्टर लसीचा दुसरा डबा खांद्याला अडकवून स्कूटरवरून आल्या. गावात दंगा झाल्याचं त्यांना कळलं होतं. वर्गातली गर्दी बघून त्यांचा चेहरा उजळला.

"दोन महिने दारोदार फिरतेय मी! धनुर्वाताच्या लसीचं नाव काढलं की पोरं शेतात पळतात. आज तर सगळी इथं, आणि सह्यांना पालकही इथं. सर, दार लावून घ्या."

"सिस्टर, आज नको हो," सर काकुळतीला आले. "मी सगळ्यांना शब्द दिलाय."

"तुमचा अंगठा कशानं कापला?"

"कटरनं. पण..."

"गंजका असेल. बसा इथं. पहिलं तुम्हाला. पोरं बघतायत, तोंड वाकडं करायचं नाय."

सर बसले. त्यांनी डोळे मिटले आणि बाक घट्ट धरला. मागून काशीबाई म्हणाल्या, "मास्तर, घाबरू नको. मुंगी चावल्यागत वाटतं." पालकांनी एकेक करून सह्या केल्या. पुढचा अर्धा तास वर्गात पोरांच्या रडारडीशिवाय दुसरं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

शेवटी दंड चोळत, नाक ओढत मुलांनी फॉर्म भरले. साहेबांनी ते चाळले आणि सरांकडे आदरानं बघितलं.

"कमाल आहे! तालुक्यात कुठंही जा, निम्मी मुलं डॉक्टर नाहीतर नर्स लिहितात. इथं तीस जणांनी इंजिनिअर लिहिलंय! काय जादू केलीत?"

"काही नाही," सर दंड धरून म्हणाले. "प्रात्यक्षिक."

"एकीनं तेवढं नर्स लिहिलंय. कोण ही मालू? कारणही दिलंय." साहेबांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं, "सिस्टर बोट दाखवतात तिथं आमचे सर पण गपचूप बसतात."