जुनं पेट्रोल, नवा भाव

दमडूजी उमाटे पेट्रोल भरायला येत ते स्कूटर ढकलत. ती बंद पडलेली नसे आणि टाकी अगदी कोरडीही नसे. पण आमचा पंप दिसू लागला की ते रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करीत, खाली उतरत, पायजमा घोट्यावर खोचत आणि म्हातारी गाय बाजारात न्यावी तशी ती निळी स्कूटर हाकत आणत. वर्ध्याजवळच्या देवळीचं ऊन, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा आणि त्यातून कानामागे ओघळणारा घाम.

एकदा मी म्हटलं, "काका, चालू ठेवून या की."

"काऊन? दुकान तुमचं, माल तुमचा. तुमच्या दुकानापर्यंत माहं पेट्रोल मी काऊन जाळू?"

मी सातवीत शाळा सुटलेला माणूस. हा हिशेब बाजूला ठेवून मी नळी काढली.

मी रत्नागिरीकडचा. गावात पोट भरेना म्हणून ओळखीच्या एका ट्रकवाल्याने मला इतक्या लांब आणून या पंपाच्या मालकांपुढे उभं केलं. मालकांनी कागद मागितला नाही, ओळख विचारली नाही. "भूक लागली असंल, जेव आधी," म्हणाले आणि पंपामागची खोली दिली. आई, बायको आणि लहान पोर गावाला, मी इथे. तेव्हापासून दर सकाळी उठलो की पहिला विचार हाच यायचा, की आज आपल्या हातून काही चुकू नये. भाषा वेगळी, ऊन वेगळं, भाकरी ज्वारीची. अशा ठिकाणी माणूस सांभाळूनच असतो. आणि अशा सांभाळून असणाऱ्या माणसाच्या वाट्याला आले दमडूजी.

नळी हातात घेण्याआधी ते मशीनपुढे उकिडवे बसत. "शून्य दाखव." शून्य दिसलं तरी चष्मा पुसून पुन्हा पाहत. पेट्रोल सरळ टाकीत घ्यायचं नाही. पिशवीतून पितळी माप निघे, तळाशी सरकारी शिक्का असलेलं. त्यात पेट्रोल, मग ते टाकीत, त्यावर ऑइल. माप काठोकाठ भरलं की त्यावर वाकून एक डोळा मिटून बघत. मग हुकूम सुटे, "नळी उचल."

"काका, संपलं."

"नळीतलं कोणाचं हाय? पैसे कोणी देल्ले?"

मी नळी डोक्यावर धरून उभा राही आणि तिच्यातून दोन-चार थेंब पडत. त्या थेंबांकडे ते असे बघत, की जणू पोलिसांनी चोराच्या घरातून माल बाहेर काढला.

मला राग येई. खोटं कशाला सांगू, फार राग येई. मी कुणाचा थेंब चोरला नव्हता. हा माणूस चारचौघांत मला रोज झडती द्यायला लावतो म्हणजे काय! एकदा न राहवून मी तसं बोललो. दमडूजी शांतपणे म्हणाले, "तुह्यावर राग नाई बाबू माहा. तू तर नळी हाय. नळीले कोण शिव्या देते?"

हे ऐकून राग जाण्याऐवजी वाढला.

पुढे समोरच्या पानठेल्यावर कळलं की दमडूजींचा सगळा जन्म सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर गेला. शेतकरी कापूस घेऊन येत, हे वजन करीत. काटा कसा मारतात, पोत्याखाली पाय कसा लावतात, ओल म्हणून किती कापतात, हे त्यांनी जवळून पाहिलं. त्यावरून दलालांशी भांडणं केली, नोकरी जाता जाता राहिली. निवृत्त होऊन देवळीला आले तेव्हा त्यांचा जगातल्या कुठल्याही मापावर विश्वास उरला नव्हता. शिक्का असलेलं आपलं माप तेवढं खरं.

माप पुरं भरल्यावर विषय निघे भावाचा. ते दिवसही तसेच होते. रेडिओवर बातमी लागली की कुठेतरी अरबस्तानात काही बिनसलेलं असे आणि इथे पंपावरची पाटी बदले.

"मले एक सांग. वर्धेले भाव कमी, देवळीले जास्त. काऊन?"

"टँकरचं भाडं असतं, काका. लांब आणावं लागतं."

"मी बी वर्धेले जाऊन येतो ना. माहा भाव काऊन नाई वाढत?"

पानठेल्यावरची मंडळी हसत. "सोडू नका, दमडूजी! विचारा बराबर!" त्यांना दुपारची करमणूक होई. दमडूजींचा आवाज चढे.

"बरं, भाडं समजलं. पण हे सांग. अरबाचं भांडण झालं काल. तुह्या टाकीतलं पेट्रोल आलं मागच्या हप्त्यात. जुन्या भावानं घेतलेलं. मंग आज ते नव्या भावानं काऊन विकून राह्यले तुम्ही? जमिनीखाली राहून राहून त्याले काय अंडे झाले?"

हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. खोलीवर भात टाकताना मी विचार करी, की माणूस बोलतो ते चूक कुठे आहे? बाजारात तेलाचं असंच होतं, साखरेचं असंच होतं. वाढल्याची बातमी यायचा अवकाश, कालचा माल आज महाग. आणि उतरल्याची बातमी आली, तर दुकानदार सांगतो की हा जुना माल आहे, जुन्याच भावाने जाईल. दोन्हीकडून मरतो तो घेणारा. मालकांच्या भाकरीवर जगणाऱ्याने असं मनात आणू नये, म्हणून मी विचार तिथेच सोडून देई.

मग बजेट आलं.

त्या काळी बजेटच्या तोंडावर गावोगावच्या पंपांवरचं पेट्रोल एकाएकी संपे. ते कसं संपे हे सगळ्यांना ठाऊक असे आणि कुणी विचारीत नसे. भाव वाढणार ही कुणकुण लागली, की आज विकण्यापेक्षा उद्या विकलेलं बरं. त्या दुपारीही मालक स्वतः आतून पुठ्ठा घेऊन आले आणि मशीनला दोरीने बांधला. 'पेट्रोल नाही.' सकाळीच मी जमिनीखालच्या टाकीत खुणांची मापाची काठी सोडून पाहिलं होतं. काठी चांगली वरपर्यंत भिजली होती.

थोड्या वेळाने दमडूजी आले, नेहमीसारखे ढकलत. पुठ्ठा वाचला. मालकांकडे पाहिलं. मालक काचेच्या खोलीत हिशेबात गढलेले.

"नाई का?"

"नाही, काका."

"टँकर कधी येते?"

"सांगता येत नाही."

त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, मशीनच्या चौथऱ्यावर दुपट्टा अंथरला आणि बसले. मोठ्याने, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी इथून उठत नाई. उद्या तुम्ही विकानच. तोवर टँकर आलेला माह्या डोयानं दिसला, तर तुमची माफी मागीन. नाई दिसला, तर हे आजचंच पेट्रोल. मंग पाहू."

पानठेल्यावर जल्लोष झाला. "वा दमडूजी! आम्ही हाओ तुमच्या मागं!" कुणी चहा पाठवला, कुणी विडी. मालक बाहेर येऊन हसत म्हणाले, "दमडूजी, काऊन त्रास करून घेता? घरी जा ना." दमडूजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

ऊन उतरलं. मंडळी एकेक करून पांगली. दिवेलागण झाली तरी हा माणूस तिथेच. मी वाट बघत होतो, की घरून कुणीतरी बोलवायला येईल. बायको येईल, नातू येईल, 'जेवायला चला' म्हणेल. कुणी आलं नाही. शेवटी मीच भात आणि सुकटीची चटणी घेऊन गेलो.

"हे काय हाय?" त्यांनी वास घेऊन विचारलं.

"सुकट. गावाहून आणलेली."

"बाप रे! लोक खाते हे?" म्हणाले आणि सगळं संपवलं. मग हात धुता धुता, "घरी कोण कोण हाय तुह्या?"

मी सांगितलं. बायको, आई, एक मुलगी. ती औंदा शाळेत जायला लागली.

"इतक्या दूर आला तू. पोरगी ओळखते का तुले गेल्यावर?"

"पहिल्या दिवशी नाही ओळखत."

त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाला हात पुसले. मग म्हणाले, "आमच्या घरी ओळखणारंच कोणी नाई राह्यलं. माही मंडळी वारली तवापासून घरात आवाज म्हणजे त्या स्कूटरचा." आणि लगेच, कुणी ऐकेल की काय अशा घाईने, "पण मी सोडणार नाई तुह्या मालकाले. सांगून ठेवतो."

सकाळी नवा भाव लागला. मालकांनी पुठ्ठा काढला, पाटी बदलली, आणि गिऱ्हाइकांची रांग लागली. टँकर आला नव्हता. दमडूजी चौथऱ्यावरून उठले ते थेट रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. भाव वाढले की तहसिलीतले पुरवठ्याचे साहेब पंपांवर फेरी मारत. त्यांची जीप येताच दमडूजींनी ती अडवली आणि हाताला धरून साहेबांना मशीनपाशी आणलं.

"साहेब, काल दुपारी हे संपलं होतं. आज सकाळी हाय. मधात टँकर नाई आला. मी इथंच होतो. इचारा या मालकाले!"

त्यांचा चेहरा असा फुलला होता की बघत राहावं. सगळी हयात काट्यावर भांडण्यात गेली, आज पहिल्यांदा काटा त्यांच्या बाजूला झुकत होता.

साहेब मालकांकडे वळले. "बोर्ड कुणी लावला?"

मालकांनी क्षणभरही विचार केला नाही. माझ्याकडे बोट केलं. "यानं, साहेब. परका माणूस, शिकलेला नाई. याले काठी वाचता आली नाई, वाटलं टाकी खाली हाय. मी वर्धेले गेलतो. आजच काढून टाकतो याले."

हातातली नळी मी मशीनला अडकवली. ज्याने परक्या मुलखात पहिलं ताट वाढलं, तोच माणूस समोर उभा राहून मला पुसून टाकत होता. बायकोला काय कळवायचं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

"खोटं!" दमडूजी ओरडले. "बोर्ड या मालकानं सोता बांधला! सारा चौक पाहत होता!" ते पानठेल्याकडे वळले. "सांगा ना रे! काल तर लय बोलत होते!"

आणि मला अजून चीड येते ती त्या क्षणाची. काल विड्या पाठवणारे, 'मागं हाओ' म्हणणारे सगळे तिथे उभे होते. एकाला चप्पल नीट करायची होती. दुसऱ्याला आपल्या गाडीचा आरसा पुसायचा होता. कुणाचं मालकांपाशी काम अडलेलं, कुणाला उद्या पेट्रोल लागणार.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "साक्षीदार नाही, तर मालक म्हणतात तेच धरतो. याला काढा. उमाटे, तुमचं म्हणणं तेवढं लिहून घेतो. टँकर आला नाही, हे नक्की ना?"

दमडूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या पाटीवरच्या नव्या भावाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"आला होता," ते म्हणाले.

"काय?"

"टँकर. पहाटे. माहा डोया लागला होता, पण आला होता. हे पोरगं बरोबर होतं. काल खरंच खाली होती टाकी."

"आत्ता तर म्हणालात..."

"चुकलो. मतारा माणूस हाओ."

"कसला होता टँकर?"

"टँकर कसा असते? गोल."

साहेब हसले आणि जीपमध्ये बसले. त्यांनी टँकरचा कागद मागितला नाही. का मागितला नाही, हे एरवी दमडूजींनी भर चौकात विचारलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसतं जीपकडे पाहिलं.

मालक हात जोडत पुढे आले. "दमडूजी, उपकार झाले. टाकी फुल करून देतो, पैसे नको."

"हात नको लावू स्कूटरले," दमडूजी म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुह्यासाठी नाई बोललो."

माझी नोकरी राहिली. पण पंपावरचा गोंधळ त्या दिवसापासून संपला. दमडूजी येत, पैसे देत, पेट्रोल घेत आणि जात. शून्य दाखव म्हणत नसत. पिशवीतलं माप बाहेर काढत नसत. पानठेल्यावरची माणसं हाका मारत, "काय दमडूजी, आज भांडण नाई?" ते ऐकलं न ऐकलंसं करीत.

मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खोटी साक्ष देल्ली ना मी. आता कोणत्या तोंडानं मापाचं बोलू?"

काही महिन्यांनी भाव पुन्हा वाढला. रांगेत लोक चरफडत होते, सरकारला आणि अरबांना शिव्या देत होते. दमडूजींनी नव्या भावाचे पैसे गुपचूप माझ्या हातावर ठेवले. मला राहवेना. मालक काचेआडून पाहत होते, तरी मी मोठ्याने म्हटलं, "काका, हे पेट्रोल परवाचं आहे. जुन्या भावाचं. मी सांगतो ना, बोला तुम्ही!"

सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली. दमडूजींनी मान वर केली. क्षणभर वाटलं, आता आवाज चढणार. त्यांनी काचेकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मला जरा बाजूला घेतलं.

"पोरगी जाते ना शाळेत?"

"जाते, काका. दुसरीत आहे."

"मंग झालं. हळू बोल," ते म्हणाले, आणि मागच्या गिऱ्हाइकाला जागा करून दिली.