काका ‘ढ’ झाले त्याची गोष्ट

शाळेच्या पाण्याची टाकी नेमकी परीक्षेच्या सकाळी फुटली. मुलांना सुट्टी देऊन टाकली आणि सातवीच्या वर्गात शिकवायला आलेले भावी शिक्षक रिकाम्या बाकांकडे बघत उभे राहिले. शिक्षणशास्त्राच्या पदवीचा शेवटचा पाठ होता. परीक्षा घ्यायला बाहेरून बाई यायच्या होत्या आणि त्यांना दुसरा दिवस मोकळा नव्हता.

या सगळ्यांत घाम फुटला होता तो काकांना. काका म्हणजे एका शाळेतले कारकून. केस पिकल्यावर पदवीला बसले, म्हणून वर्गातली पोरंपोरी त्यांना काका म्हणायची. गेल्या वर्षी याच पाठात ते नापास झाले होते. पाठाच्या आराखड्यात मुलाचं जे उत्तर लिहिलेलं होतं, ते मुलाने दिलंच नाही. काका बिचारे त्या उत्तराची वाट बघत तास संपेपर्यंत उभे राहिले. यंदाही जमलं नाही तर त्यांच्या शाळेतली शिक्षकाची जागा दुसऱ्याला जाणार, असं मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं.

“एवढं काय घाबरता?” मार्गदर्शक सर म्हणाले. “सराव करताना आपण एकमेकांचे विद्यार्थी होतो, तसंच व्हायचं. तू हुशार, तू खोडकर आणि काका, तुम्ही ढ.”

“मीच का?”

“तुम्हाला शोभेल,” असं म्हणून सर प्लंबरला फोन करायला बाहेर गेले. परीक्षक बाईंना ही तडजोड सांगायचं काम त्यांचंच होतं, ते फोनच्या नादात राहून गेलं.

पहिला पाठ चिमणी घेणार होती. भावी शिक्षकांतली सगळ्यात लहान मुलगी, आवाजही तेवढाच, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. ती खडू हातात घेते न घेते तोच परीक्षक बाई आत आल्या. वयाने तरुण, कामाला नवीन. बाकांवर मिशा आणि चष्मे बघून त्या गोंधळल्या.

“हे सगळे प्रौढ?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो,” चिमणी म्हणाली. तिच्या डोक्यात फक्त पाठ घोळत होता आणि प्रश्नाचं उत्तर तर खरंच होतं.

“वा! प्रौढांचा वर्ग. मला कोणी सांगितलंच नाही,” असं म्हणत बाई कौतुकाने मागे जाऊन बसल्या.

चिमणीने बाष्पीभवन सुरू केलं. “ओल्या कपड्यातलं पाणी कुठे जातं? काका, तुम्ही सांगा.”

काका मन लावून ढ झाले होते. “बादलीत.”

“ते पिळल्यावर. वाळल्यावर कुठे जातं?”

“वाळल्यावर कपाटात.”

“पाणी?”

“कपडे.”

वर्ग खिदळला. बाईंना मात्र भरून आलं. या वयात शिकायला यायचं आणि वर लोकांचं हसणंही सोसायचं! चिमणीचं समजावून झाल्यावर त्या स्वतःच उठल्या. “काका, लाजायचं नाही. पुढे या आणि तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा.”

आता ढ माणसाने किती सांगावं, हे काकांना ठरवता येईना. ते फळ्यापाशी गेले आणि त्यांना एकदम ऑफिसातलं शाईचं पॅड आठवलं. “हे बघा, शनिवारी पॅडचं झाकण उघडं राहिलं की सोमवारी शिक्का उमटत नाही. रंग तिथेच असतो. मग गेलं काय?”

“पाणी!” खोडकर ओरडला.

“आणि झाकण लावलं तर का नाही जात?”

यावर वर्गात जी जुंपली, ती शमवून काकांनी सगळ्यांच्या गळी उत्तर उतरवलं तेव्हा हुशारसुद्धा मान डोलवत होता. बाईंनी चिमणीला भरभरून गुण दिले. “एका तासात माणूस कुठल्या कुठे नेलास गं! आता पुढचे परीक्षार्थी कोण?”

“मी,” काका म्हणाले.

“काका, बसा. तुमचं झालं. मी शिक्षक विचारतेय.”

“तोच मी.”

“पण तुम्ही तर विद्यार्थी ना?”

“हो. म्हणजे आत्तापर्यंत होतो.”

बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात सर आले, टाकीची कथा सांगितली आणि बाई लालबुंद झाल्या. दिलेले गुण खरे की खोटे, हे त्यांना कळेना. आपण नेमके कोण, हे काकांना कळेना.

“ठीक आहे. शिकवा,” बाई म्हणाल्या.

काकांनी आराखडा उघडला. अपूर्णांक. त्यांचा आवाज बदलला, मान ताठ झाली. “मुलांनो, एक कागद दोघांत वाटला तर काय होईल?”

“फाटेल,” खोडकर म्हणाला.

आराखड्यात ‘अर्धा’ होतं. काकांचं घोडं अडलं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, पुन्हा कागद फाटला. गेलं वर्ष डोळ्यांसमोर उभं राहिलं. चिमणीला बघवेना.

“काका,” बाई सावकाश म्हणाल्या, “विद्यार्थी होतात तेव्हा तुम्ही फार छान शिकवत होतात.”

“मग आता काय करू?”

बाईंनी क्षणभर विचार केला. नियमात हे बसत नव्हतं, पण आज नियमात काय बसलं होतं? “जागेवर जाऊन बसा. आणि मग हात वर करा.”

काका बाकावर बसले. हात वर केला. “बाई, मला कळलंय. मी सांगू?”

“सांग बाळ,” त्यांच्या मुलीच्या वयाच्या बाई म्हणाल्या.

काका पुढे आले. समोर दुसरा कागद नव्हता, म्हणून त्यांनी आराखडाच घेतला, मधोमध घडी घातली, मग आणखी एक. “फाडायचं कशाला? ऑफिसात कागद फाडला की बोलणी बसतात. घडी घाला. आता किती भाग झाले? आणि यातला एक तुला दिला तर तुझ्याकडे किती?” खोडकरसुद्धा मुकाट्याने बोटांवर मोजू लागला. आराखड्याची एवढीशी पुडी होईपर्यंत वर्गाला अपूर्णांक आला होता.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “काका, पास झालात तुम्ही.”

वर्गाने बाक बडवले. चिमणीने तर टुणकन उडी मारली. काकांचे डोळे भरून आले होते, पण ते फळ्यापाशीच उभे होते, अवघडलेले, हात मागे बांधून.

“आता काय झालं?” बाईंनी विचारलं.

“बाई,” काका म्हणाले, “बसू?”