तात्यांचा कावळा

आमच्या घरमालकांचं, म्हणजे सोपानतात्यांचं, ठाम मत आहे की परग्रहावर कावळे नाहीत.

बाकीच्या विश्वाबद्दल त्यांना फारशी माहिती नाही, आणि ती मिळवायची घाईही नाही. पण कावळ्यांचं त्यांना पक्कं ठाऊक आहे. "डोकं लावा, मॅडम," ते मला जिन्यात अडवून सांगतात. "तितंबी माणसं मरत असतीलच ना? दहावा घालत असतील. पिंड ठिवत असतील. आन् शिवायला कावळा न्हाई! मग त्या आत्म्यांनी जावं कुटं? बसत्यात ताटात आन् येत्यात हिकडं, कावळा हुडकत. न्हाईतर मला सांगा, चांगलं इमान सोडून ताटात कोण बसतं?"

उडत्या तबकडीचा हा खुलासा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या एका हातात दुधाची पिशवी होती, कानात ऑफिसची मीटिंग सुरू होती आणि मॅनेजर माझं नाव घेऊन काहीतरी विचारत होता. मी त्यालाच "कावळा नाही ना तिथे!" असं उत्तर देऊन बसले. तो बंगळुरूचा, त्यामुळे निभावलं.

पिरंगुटच्या पुढे, मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून तात्यांचं घर आहे. खाली ते, वरच्या मजल्यावर मी आणि माझा नवरा, मागच्या बाजूच्या खोल्यांत हिंजवडीला जाणारी पोरं, आणि त्याच्याही मागे तात्यांची भातखाचरं. पोरं नोकऱ्या बदलतात, खोल्या सोडतात आणि जाताना कंपनीने फुकट दिलेले टी-शर्ट मागे टाकून जातात. तात्या काही वाया घालवत नाहीत. डोक्यावर पांढरी टोपी, खाली धोतर आणि मध्ये छातीवर इंग्रजीत 'आम्ही उद्याचं जग घडवतो' असं लिहिलेला टी-शर्ट घालून ते म्हशीची धार काढतात.

परग्रहवासी त्यांच्याकडे अलीकडे आले, मुलाने दिलेल्या मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओंतून. भुतं मात्र पूर्वीपासूनची, घरच्यासारखी. कुठल्या विहिरीवर आसरा, कुठल्या बांधावर म्हसोबा, कुठल्या वळणावर चकवा, हे त्यांना आपल्याला शेजाऱ्यांचे फ्लॅट नंबर माहीत असतात तसं माहीत. हल्ली भुतं दिसत नाहीत, असं माझा नवरा एकदा कुत्सितपणे म्हणाला, तर तात्या गंभीर झाले. "कशी दिसतील? चारी बाजूंनी टावर, रातभर दिवं. तुमाला तरी झोप लागती का? गेली बिचारी घाटाखाली."

एक चकवा मात्र राहिला, कारण त्याला हिंजवडीत काम मिळालं, असं तात्यांचं म्हणणं. माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, तो चकवा. त्यावरचा जुना उपाय म्हणजे पायताणं उलटसुलट घालायची. एकदा एका कंपनीची कॅब मोबाइलवरचा नकाशा बघत बघत आमच्या अंगणात तिसऱ्यांदा शिरली. तात्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालायला लावली. ड्रायव्हर बिहारचा. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही, त्यांच्या गावालाही हीच रीत असावी. मागे बसलेल्या दोन इंजिनिअरांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग हळूच खाली वाकून आपापल्या बुटांच्या नाड्या सोडल्या. गाडी गेली ती परत आली नाही, आणि तात्या महिनाभर छाती काढून फिरत होते.

हसायला आपल्याला काय जातं! पण आमच्या कंपनीत नवा सर्व्हर आला तेव्हा त्याला हळदकुंकू लावून नारळ मीच फोडला होता, आणि नारळाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर प्लॅस्टिक धरलं होतं. माझा नवरा तर अंधश्रद्धेवर तासभर बोलतो, आणि नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याला तो परंपरा म्हणतो. माणसाला आपल्या वर कुणीतरी आहे, आपल्याकडे बघतंय, रागावतंय, रुसतंय असं वाटायला लागतं हेच खरं. कुणीच बघत नाही म्हटलं की जेवण जात नाही. मग कुणी वर ताटात माणसं बसवतो, कुणी विहिरीत बायका बसवतो, एवढाच काय तो फरक.

तात्यांच्या डोक्यातली ही सगळी चक्रं मालनकाकूंच्या दहाव्यापासून जोरात फिरू लागली. मालनकाकू म्हणजे तात्यांची बायको. तात्या जेवढे बोलायचे तेवढ्या त्या गप्प. तात्यांचं बोलणं फार लांबलं की "व्हय, पर चहा निवतुया," एवढंच म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी भात कापणीला आला असताना अचानक छातीत कळ येऊन त्या गेल्या.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर जमलो. पिंड ठेवला. कावळा शिवला की गेलेलं माणूस समाधानाने सुटलं, नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागे राहिली, हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. कावळे होते, झाडावर ओळीने बसले होते. पण एक खाली उतरेल तर शपथ. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायला सुरुवात केली. मुलगा विलास म्हणाला, "आई, तात्यांची काळजी करू नको, त्यांना मी हिंजवडीला फ्लॅटवर नेतो." कावळे वरच्या फांदीवर गेले. मुलगी म्हणाली, "आई, मी दर महिन्याला माहेरी येईन." काही नाही. सरपंचांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गटाराचं काम मार्गी लावायचा शब्द दिला. त्यावर तर निम्मे कावळे उडूनच गेले.

भटजींना पुढे पौडला दुसरं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाले. सगळे उठले. तात्या उठेनात. "गवताचा हाय त्यो," ते म्हणाले. "मालननं जनमभर म्हसरांना गवत घातलं. तिला गवत कळत न्हाई व्हय?"

तेव्हापासून मालनकाकूंची राहिलेली इच्छा कुठली, हे शोधून काढायचा तात्यांनी ध्यास घेतला. आणि तोवर त्या इथेच आहेत, हे ओघाने आलंच. खालच्या स्वयंपाकघरातून आम्हाला रोज ऐकू येतं, "मालन, मीठ कुटं ठिवलंय गं?" मग थोडा वेळ डबे वाजतात. मग, "ऱ्हाऊ दे, गावलं, गावलं."

काकूंचा मिक्सर जुना होता, म्हणून तात्यांनी नवा आणला आणि त्यात काय वाटायचं ते न कळल्यामुळे नुसताच फिरवला. स्वयंपाकघराला गुलाबी रंग दिला. धरणाकडच्या रस्त्यावर एक रिसॉर्ट आहे, त्याच्या भिंतीपलीकडे बघत काकू एकदा म्हणाल्या होत्या, "आत काय असंल वो?" तेवढ्यावरून तात्या तिकीट काढून आत गेले, तिथल्या नियमाप्रमाणे नायलॉनची तोकडी चड्डी घातली, आणि पाण्याच्या घसरगुंडीवरून "मालन, बघ गं, हे असलं हाय!" असं ओरडत खाली आले. पाण्यातल्या बायका किंचाळत बाहेर पळाल्या. शेवटी ते चुलतभावाच्या घरी गेले. त्या दोघांचं बांधावरून वितुष्ट होतं, लग्नकार्यातही एकमेकांकडे पाठ करून जेवायचे. तात्यांनी जाऊन त्याला म्हटलं, "मालनसाठी आलोय. चहा टाक." त्याने टाकला. जित्या माणसांना जे जमलं नव्हतं ते काकूंनी जाऊन करून दाखवलं.

असं काही झालं की दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या भाताची मूद घेऊन एकटेच गच्चीवर जायचे. आम्हाला यायची बंदी. "परकं माणूस बघून ती बुजती," म्हणायचे. अर्ध्या तासाने खाली येऊन जाहीर करायचे, "न्हाई शिवला!" आणि मग आमच्याकडे बसून दोन कप चहा प्यायचे.

एकदा रिसॉर्टमधल्या लग्नाचा ड्रोन खाचरांवरून भिरभिरत आला, तर तात्या भाताचं ताट डोक्यावर धरून त्याच्यामागे बांधावरून धावले. "आवं, हितं कावळं हायेत, पर त्येबी आमचं ऐकत न्हाईत! तुमी उगं लांबनं आला!" कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत, मंगलाष्टकं आणि सप्तपदीच्या मध्ये, आमचे तात्या कायमचे जाऊन बसले आहेत.

विलासला हे सगळं हसण्यावारी नेणं जमत नव्हतं, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं. म्हातारा माणूस, एकटा राहतो, भिंतींशी बोलतो. तात्यांना पायऱ्या चढताना दम लागायला लागला होता, डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून बजावलं होतं. विलासने विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. तात्या नाही म्हणत नव्हते. "कावळा शिवला की येतो," म्हणत होते. "तिला अशी अर्ध्या वाटंवर टाकून येऊ व्हय?"

या सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी विलासचा मला फोन आला. "वहिनी, तुम्ही शहाण्या आहात. त्या कावळ्याचं काहीतरी करा. मला माझा बाप पाहिजे हो घरात." त्याचा आवाज इतका रडवेला होता की मी हो म्हणून गेले. म्हटलं, कावळ्यासारखा कावळा, कचऱ्यातली बिर्याणी खातो, कोरडा भात कशाला खाईल? त्याला हवं ते द्यावं. पितरांच्या पानात चालत नाही ते मीही जाणून आहे, पण मी मुकाट्याने सुकट परतली आणि दुसऱ्या दिवशी तात्यांचं पान वाढायला मदत करते म्हणून खाली गेले. त्यांची पाठ वळल्याबरोबर भाताच्या मुदीत ती दडपून दिली.

तात्यांनी पान उचललं आणि नाक वर केलं. "मॅडम, ह्याला सुकटीचा वास येतुया."

"काकूंना आवडायची," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पान घेऊन जिना चढायला लागले. या वेळी मीही बंदी मोडून मागे गेले. म्हटलं, कावळा शिवताना कुणीतरी साक्षीला पाहिजे, नाहीतर हे उद्या पुन्हा नाही म्हणायचे.

तात्यांनी पान कठड्यावर ठेवलं आणि ते मागे झाले. मी पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. कावळा आला तो वाट बघत बसल्यासारखा आला. कठड्यावर दोन उड्या मारल्या, मान वाकडी केली, मुदीवर चोच मारणार, एवढ्यात सण्णकन काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं. तात्यांची चप्पल! कावळा उडाला, चप्पल कठड्यावरून खाली खाचरात.

"तात्या!" मी टाकीआडून बाहेर आले. "अहो, शिवत होता ना तो!"

तात्या दचकले नाहीत. "व्हय," ते म्हणाले. "पयल्यापासनं शिवतुया त्यो. मीच हाकलतो."

"पण दहाव्याला, नदीवर..."

"तितंबी. उपरणं हलवत बसलो हुतो की. तुमाला सगळ्यांना वाटलं, मी माश्या वारतुया."

एवढे शब्द दिले गेले, सरपंचांनी गटार कबूल केलं, आणि हा माणूस उपरणं हलवत बसला होता! मी विचारलं, "मग तो मिक्सर, तो रंग, ती घसरगुंडी?"

"ते व्हायलाच पायजे हुतं. ती हुती तवा क्येलं न्हाई." तात्या कठड्याला टेकून खाली बसले. "तिची कसली इच्छा, मॅडम? गेली त्या दिवशी सकाळी भांडी घासून पालथी घातली हुती तिनं. काय बी मागं ठिवलं न्हाई बायनं. इच्छा ऱ्हायली ती माझी. शिवला म्हंजी ती सुटली. मग खालच्या घरात मी एकलाच. मला न्हाई जमायचं ते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी तो उद्याचं जग घडवणारा टी-शर्ट वर ओढला. तेवढ्यात कावळा परत आला. सुकटीचा वास लागलेला, तो काय आता ऐकतोय! तात्यांनी दुसरी चप्पल फेकली, तीही गेली खाचरात. कावळा पलीकडच्या टोकाला सरकला आणि पुन्हा मुदीकडे येऊ लागला. तात्यांकडे फेकायला काही उरलं नव्हतं. त्यांनी नुसताच हात वर केला.

मी माझी चप्पल काढली आणि नेम धरून फेकली. कावळा ओरडत शेजारच्या आंब्यावर जाऊन बसला.

खिशात फोन वाजत होता. विलासचा. मी उचलला.

"वहिनी, शिवला का?"

तात्या खालून माझ्याकडे बघत होते.

"नाही हो, विलासभाऊ," मी म्हटलं. "काकूंची काहीतरी मोठी इच्छा राहिलेली दिसतेय. तुम्हीच येऊन राहा चार दिवस."